गाणे तोंडपाठ, अर्थाला फाटा

सन २०२४ च्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एका लग्नाच्या स्वागतसमारंभात वाद्यवृंदाने 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' हे जुने इंग्रजी गाणे सुरू केले आणि मंडपातील तरुणाई एकदम उठून उभी राहिली. नाचणाऱ्यांच्या अग्रभागी दहावीत शिकणारा एक मुलगा होता. सारे गाणे त्याला तोंडपाठ होते. त्याचे वडील माझ्या शेजारी बसले होते. ते अभिमानाने म्हणाले, "फादर, बघा, शिकवणी नाही, काही नाही. नुसती गाणी ऐकून पोराचे इंग्रजी असे झाले आहे!"

त्यानंतर दोन महिन्यांनी, १० मार्च रोजी, उपवासकाळाचा चौथा रविवार आला. उपासनेच्या त्रैवार्षिक चक्रातील दुसऱ्या वर्षी या रविवारी प्रतिसाद स्तोत्र म्हणून १३७ वे स्तोत्र येते. योगायोग असा की, त्या दिवशी वाचनपीठावर तोच मुलगा होता. परक्या देशात नेलेल्या, नदीकाठी बसून मायभूमीच्या आठवणीने रडणाऱ्या लोकांचे ते स्तोत्र त्याने अडखळत, पण मनापासून वाचले. मिस्सानंतर सॅक्रिस्टीत मी त्याला विचारले, "हे स्तोत्र तू पूर्वी कधी ऐकले आहेस का?"

"नाही फादर, पहिल्यांदाच."

"अरे, जानेवारीत याच स्तोत्रावर तू अर्धा तास नाचलास!"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मराठी शास्त्रातील 'बाबेल' आणि गाण्यातील 'बॅबिलॉन' ही एकच नगरी आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. "मला वाटायचे, ते एखाद्या हॉटेलचे नाव असेल," तो प्रांजळपणे म्हणाला.

दोष त्या मुलाचा नाही, म्हणूनच हा लेख लिहिण्यास घेतला आहे. दोष त्याच्या वडिलांचा आहे, शाळेचा आहे, आणि प्रथम कबूल करतो की, आम्हा धर्मगुरूंचाही आहे. आज घरोघरी एक समजूत पक्की बसली आहे. ती अशी की, लोकप्रिय इंग्रजी गाणी ऐकावीत, मोबाईलच्या पडद्यावर सरकणारे शब्द पाहून ती म्हणावीत, गाळलेल्या जागा भराव्यात, नव्या शब्दांची यादी वहीत उतरवावी. म्हणजे इंग्रजी आपोआप येते, आणि तेही आनंदाने, फुकटात! मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की असे इंग्रजी येत नाही. येतो तो इंग्रजीचा आवाज. गाणे हे काही शब्दांचे दुकान नव्हे, की आत शिरावे, हवे ते उचलावे आणि चालू लागावे. प्रत्येक गाण्यामागे कोणाचे तरी घर असते, कोणाचे तरी दुःख असते. त्या घराची ओळख करून न घेता नुसते शब्द उचलून आणणाऱ्याच्या हाती भाषाही लागत नाही आणि गाणेही लागत नाही.

वाचकहो, इंग्रजी गाण्यांचा शत्रू म्हणून मी हे लिहीत नाही. मी मराठी माध्यमात शिकलो. सेमिनरीत दाखल झालो तेव्हा इंग्रजी व्याख्यानातील निम्मे शब्द माझ्या डोक्यावरून जात. त्या दिवसांत जिम रीव्हजच्या ध्वनिफितींनी मला मोठा आधार दिला. या अमेरिकन गायकाचे १९६४ साली विमान अपघातात निधन झाले, तरी पुढे कित्येक वर्षे आपल्याकडील ख्रिस्ती घरांतून त्याचा आवाज ऐकू येत असे. त्याचे कारण उघड होते. तो संथ गाई, आणि शब्दाचा प्रत्येक अवयव स्वच्छ उच्चारी. तेव्हा गाण्यांतून इंग्रजी शिकता येते, याची साक्ष मी स्वतःच देऊ शकतो.

परंतु त्याच काळातील माझी एक फजितीही सांगितली पाहिजे. एका गाण्यातील 'ब्लू' या शब्दाचा अर्थ शिक्षकांनी विचारला असता मी ताडकन उठून 'निळा' असे सांगितले. गायकाला निळे वाटत आहे, असे माझे भाषांतर ऐकून वर्गात हशा पिकला. माझ्या मराठी मनाला निळा रंग म्हणजे आकाश, समुद्र, फार तर संतांच्या अभंगांतील सावळा घननीळ. इंग्रजीत मात्र हाच रंग खिन्नतेचा होऊन बसला आहे. इतकेच नव्हे, तर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या व्यथेतून जन्मलेल्या एका सबंध गानप्रकाराने 'ब्लूज' हे नाव धारण केले. १९१२ साली डब्ल्यू. सी. हँडी या कृष्णवर्णीय संगीतकाराने 'मेम्फिस ब्लूज' छापून प्रसिद्ध केले, तेव्हापासून ते नाव दूरवर पसरले. शब्दकोशात मला 'निळा' सापडला होता. परंतु त्या निळ्यामागे उभे असलेले कापसाचे मळे आणि तेथे राबलेली माणसे सापडली नव्हती. शब्द कळला होता, अर्थ कळला नव्हता.

आता पुन्हा त्या लग्नाच्या मंडपाकडे वळू. ज्या गाण्यावर आपली मुले नाचली, त्याचा प्रवास पाहा. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी नबुखद्नेस्सर राजाने येरुशलेम जिंकले, मंदिर उद्ध्वस्त केले आणि लोकांना बंदिवान करून बाबेलला नेले. तेथे विजेत्यांनी त्यांच्याकडे गाण्याची फर्माईश केली. आपल्या दुःखाचा तमाशा व्हावा, हे त्या बंदिवानांना सोसवेना. या प्रसंगातून ते स्तोत्र निर्माण झाले. सुमारे अडीच हजार वर्षांनी, १९७० साली, जमेका बेटावरील 'द मेलोडियन्स' या गायकवृंदाने त्याचे गाणे केले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यातील रास्ताफारी पंथाच्या लेखी आफ्रिका ही त्यांची सियोन नगरी, आणि त्यांना दास्यात ठेवणारी गोऱ्यांची सत्ता म्हणजे बॅबिलॉन. आजही त्यांच्या बोलीत पोलिसालादेखील 'बॅबिलॉन' म्हणतात. पुढे १९७८ साली पश्चिम जर्मनीतील 'बोनी एम' या वृंदाने हेच गाणे नाचाच्या तालावर बसवले आणि ब्रिटनमध्ये ते सलग पाच आठवडे अग्रस्थानी राहिले. मेलोडियन्सच्या गाण्यात रास्ताफारी पंथाची देवनामे होती. ती जाऊन त्या जागी सर्वांना चालेल असा 'प्रभू' आला.

येरुशलेम, जमेका, जर्मनी आणि तेथून वसई! या सर्व मजलांत एक वस्तू वाटेत गळून पडली. ती म्हणजे अश्रू. ज्या स्तोत्रात बंदिवान म्हणतात की, आम्हाला नाचायला-गायला सांगू नका, त्याच स्तोत्रावर आपण जेवणाच्या आधी नाचतो! नाचू नये असे मी म्हणत नाही. परंतु नाचणाऱ्याला आपण कशावर नाचत आहोत याची गंधवार्ताही नसावी, आणि वर त्यालाच आपण इंग्रजी येणे म्हणावे, हे मला मान्य नाही.

येथे एका गोष्टीची कबुली देणे प्रामाणिकपणाचे ठरेल. या स्तोत्राच्या शेवटी बाबेलच्या बालकांविषयी एक भयंकर शाप आहे. गाण्यातून तो वगळला, तसा तो आमच्या उपासनेतूनही वगळलेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सिद्ध झालेल्या प्रहर-प्रार्थनेत स्तोत्राच्या त्या अखेरच्या ओळी नाहीत. म्हणजे काटछाट करणारे एकटे गाणारेच नव्हेत. मात्र काय कापले आणि का कापले, हे शिकणाऱ्याला सांगितले पाहिजे. ते न सांगणे ही शिकवणाऱ्याची कुचराई होय.

आता दुसरे उदाहरण घेऊ. 'सिक्स्टीन टन्स' हे गाणे केंटकी प्रांतातील कोळसा-खाणकामगाराच्या मुलाने, मर्ल ट्रॅव्हिसने, १९४६ साली ध्वनिमुद्रित केले आणि १९५५ साली टेनेसी अर्नी फोर्डच्या धीरगंभीर आवाजात ते जगभर पोहोचले. शब्दसंग्रहाच्या दृष्टीने यात अवघड असे जवळजवळ काहीच नाही. 'कंपनी' ठाऊक, 'स्टोअर' ठाऊक. पाचवीतील मूलही 'कंपनीचे दुकान' असे भाषांतर करून मोकळे होईल. परंतु ते दुकान कसले होते? अनेक खाणींतील कामगारांना पगार रोख मिळत नसे. कंपनी स्वतःच छापलेल्या चिठ्ठ्या वा पाडलेली नाणी देई, आणि ती फक्त कंपनीच्याच दुकानात चालत. दुकानातील भाव कंपनीने ठरवायचे. पीठ, तेल, बूट, सारे तेथूनच उधारीवर घ्यायचे. महिनाअखेर मजुराच्या हाती पगाराऐवजी कर्जाचा आकडा पडे. त्या गाण्यात संत पेत्राचा उल्लेख येतो, तो याच संदर्भात. मरण आले तरी जाता येत नाही, कारण आत्मासुद्धा दुकानाकडे गहाण पडलेला आहे!

हे समजले, की 'कंपनी स्टोअर' या दोन साध्या शब्दांचे खरे मराठी भाषांतर 'दुकान' नव्हे, हे ध्यानी येते. आपल्याकडे त्यासाठी सावकाराची वही आहे, वेठबिगारी आहे. ठाणे जिल्ह्यातील आदिवासी बांधवांची लग्नगडी म्हणून पिढ्यान्पिढ्या जी पिळवणूक झाली, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सारा जन्म मालकाच्या दारी वाहावा लागला, ती आठवली की केंटकीचा खाणकामगार आपल्याला परका राहत नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढून कामगाराच्या न्याय्य वेतनाचा कैवार घेतला. त्या परिपत्रकाचे नाव धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले पाठ करतात. एका गाण्यातून त्याचा आशय दहा मिनिटांत त्यांच्या काळजाला भिडेल. परंतु त्यासाठी गाणे थांबवून बोलावे लागते. गाळलेल्या जागा भरून हे साधत नाही.

तिसरे उदाहरण आपल्या अधिक परिचयाचे आहे. 'अमेझिंग ग्रेस' हे गीत मृतांच्या मिस्सापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सर्वत्र गायले जाते. एका धर्मशिक्षणाच्या वर्गात मी 'ग्रेस' म्हणजे काय असे विचारले. पहिले उत्तर आले, 'ग्रेस मार्क!' मुले हसली; पण मी त्या उत्तराला शंभरपैकी शंभर गुण दिले. स्वतः न मिळवलेले, योग्यता नसताना पदरी पडलेले, ज्यावाचून नापास होणे अटळ होते असे दान. कृपेची यापेक्षा सोपी व्याख्या ईशज्ञानाच्या जाड ग्रंथांतही सापडणे कठीण!

पण ज्याला हे दान मिळाले, तो कोण होता? या गीताचा कर्ता जॉन न्यूटन हा गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवरचा खलाशी व पुढे कप्तान. १७४८ साली भर वादळात त्याने देवाचा धावा केला. परंतु त्यानंतरही १७५४ पर्यंत तो गुलामांच्या व्यापारातच होता. पुढे तो अँग्लिकन धर्मगुरू झाला. १७७३ च्या नववर्षदिनाच्या प्रवचनासाठी त्याने हे गीत रचले व १७७९ साली ते छापले गेले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे पुस्तिका लिहिली ती मात्र १७८८ साली. म्हणजे समुद्र सोडल्यानंतर तब्बल चौतीस वर्षांनी! गीतात तो स्वतःला 'रेच' म्हणतो. शब्दकोश त्याचा अर्थ 'दीन, अभागी' असा देतो, आणि 'अधम' असाही देतो. न्यूटनचे चरित्र ठाऊक नसलेला मुलगा पहिला अर्थ घेईल आणि पुढे जाईल. ज्याला ते ठाऊक आहे, तो दुसऱ्या अर्थापाशी थबकेल. शिवाय तो एक प्रश्नही विचारील: कृपा लाभूनही अन्याय ओळखायला माणसाला इतकी वर्षे का लागावीत? हा प्रश्न ज्याला पडला, त्याला इंग्रजीही कळले आणि धर्मही कळला.

आता माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा परामर्श घेतो.

पहिला आक्षेप असा की, "फादर, एवढा विचार कोण करतो? गाणे म्हणजे करमणूक." ठीक आहे. करमणूक म्हणून ऐका, माझी हरकत नाही. मग मात्र त्याला शिक्षण म्हणू नका, आणि गाणी पाठ झाली म्हणजे भाषा आली असा डांगोरा पिटू नका. पोपटालाही शब्द येतात. पोपटाच्या मालकाला त्याचा अभिमान वाटतो, हेही खरे. परंतु कोणी पोपटाला वकीलपत्र देत नाही.

दुसरा आक्षेप व्याकरणनिष्ठांचा. गाण्यांत 'एन्ट', 'गॉना', 'वॉना' असे शब्द येतात, नकारावर नकार येतात, मुले बिघडलेले इंग्रजी शिकतात, असे त्यांचे म्हणणे. या मंडळींना मी विचारतो, आपल्या घरात कोणती भाषा बोलतात? वसईचे मूल घरी आजीशी कादोडी वा वाडवळी बोलते, शाळेत प्रमाण मराठीत निबंध लिहिते आणि गफलत करीत नाही. कोणती बोली कोठे वापरावी, याचे शहाणपण त्याला आईच्या मांडीवरच मिळालेले असते. मग अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीला तिचे स्वतःचे नियम आहेत आणि परीक्षेच्या इंग्रजीला तिचे, हे त्याला का समजू नये? उलट दोन बोलींच्या या मुलांनाच ते सर्वांत लवकर समजेल. जो स्वतःच्या आजीच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणून हिणवतो, त्यालाच दुसऱ्याचीही बोली बिघडलेली दिसते.

तिसरा आक्षेप आमच्यातीलच काही कर्मठांचा. 'पाश्चात्त्य गाणी मुळातच वाईट. ती धर्मग्रामाच्या आवारात नकोत.' काही गाणी वाईट आहेत, यात वाद नाही. ग्रामसणाच्या रंगमंचावर सात-आठ वर्षांच्या बालिकांना ज्या गाण्यांवर नाचवले जाते, त्यांतील काहींचे शब्द मराठीत सांगितले तर त्यांच्या आया लाजेने मान खाली घालतील. पण त्या आया टाळ्या का वाजवतात? शब्द कळत नाहीत म्हणून! तेव्हा हा अनर्थ इंग्रजी कळल्यामुळे होत नाही, न कळल्यामुळे होतो. बंदी घालून मुले ऐकायची थांबत नाहीत. ती मोबाईलवर कानांत बोंडे घालून ऐकतात, आणि मग कोणाला काही विचारायचीही सोय उरत नाही. बंदी घालणारे आणि 'ऐकू दे, इंग्रजी सुधारेल' म्हणणारे, हे दोघे वरवर परस्परविरोधी भासतात. वस्तुतः दोघांचाही आळस एकच आहे. गाण्यातील शब्दांपाशी बसून मुलाशी बोलण्याचे कष्ट दोघांनाही नको आहेत.

कष्ट घेतले तर काय साधते, याचे एक थोर उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. आणि गंमत अशी की, ते एका इंग्रजाचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघी धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी येथील भाषा शिकताना केवळ बाजारापुरते शब्द गोळा केले असते, तर आज त्यांचे नावही कोणी घेतले नसते. त्यांनी येथील पुराणांची घडण आणि ओवीची चाल आत्मसात केली. या भूमीतील लोक देवाविषयी कोणत्या शब्दांत विचार करतात, हे जाणून घेतले. १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापले गेलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. त्यात स्वर्गासाठी ते 'वैकुंठ' हा शब्द योजतात. त्या शब्दामागे पिढ्यान्पिढ्यांची केवढी ओढ साठलेली आहे, हे उमगल्यावाचून कोणता परदेशी माणूस असे धाडस करील? एका इंग्रजाने गाण्याच्या वाटेने मराठी शिकावी ती अशी. आणि आपण त्याच वाटेने इंग्रजी शिकावी ती फक्त ठेक्यापुरती? चार शतकांपूर्वीच्या त्या इंग्रजापुढे आपल्याला संकोच वाटला पाहिजे.

आणि येथे मला खरे जे टोचते, ते सांगतो. 'ख्रिस्तपुराणा'तील एक ओवी तरी म्हणू शकेल असे मूल आज आपल्या घरांत विरळा. आजीची लग्नगीते आजीबरोबर जात आहेत. केळीच्या बागा, पानमळे, विहिरीवरचे रहाट हे सारे त्या गीतांत होते. मुलांनी रहाटही पाहिलेला नाही आणि तो शब्दही ऐकलेला नाही. ज्या मुलाला आपल्याच गाण्यातील 'रहाट' कळत नाही, त्याला दुसऱ्याच्या गाण्यातील 'कंपनी स्टोअर' कसे कळावे? गाण्यामागे घर असते, ही जाणीव माणसाला प्रथम स्वतःच्या घरात होते. ती तेथे झाली नाही, तर पुढे कोणत्याही भाषेत होत नाही. म्हणून इंग्रजी गाणी विरुद्ध मराठी गाणी असा हा झगडा नाहीच. जो एक नीट ऐकतो, तो दुसरेही नीट ऐकतो.

युवक-शिबिरांत शेकोटीभोवती गिटारवर 'कुंबाया' म्हटले जाते, ते आठवा. हा शब्द कोणत्या भाषेतील, असे विचारले तर कोणी आफ्रिकन म्हणते, कोणी लॅटिन! शब्दकोशात शोधून 'ये' आणि 'येथे' या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द त्यात दडलेले आहेत, हे सहसा उलगडत नाही. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील कृष्णवर्णीयांची ही आळवणी. तिचे सर्वांत जुने ध्वनिमुद्रण १९२६ सालचे आहे. संकटात सापडलेला माणूस देवाला म्हणतो की, दूर राहू नकोस, माझ्यापाशी ये. तेथील बोलीत त्या इंग्रजी शब्दांचा उच्चार असा झाला, एवढेच. हे एकदा एका शिबिरात मी सांगितले. त्यावर एक मुलगी म्हणाली, "फादर, माझी आजी देवाला 'ये रे बाबा' म्हणते, तसेच ना?" अगदी तसेच. त्या मुलीला एका क्षणात जे कळले, ते शब्दांच्या शंभर याद्यांनी तिला कळले नसते. तिला आजीची भाषा येत होती, म्हणून ते कळले.

मग करावे काय? केवळ टीका करून थांबणे मला योग्य वाटत नाही. पालकांना माझी विनंती आहे की, महिन्याला एकच गाणे घ्या. मुलांसोबत बसून ते दोनदा ऐका. उच्चार जुळवा, शब्दांचे अर्थ काढा, तेही हवेच. मग चार प्रश्न विचारा. हे प्रथम कोणी गायले? कोठे गायले? कोणासाठी गायले? आणि का गायले? नकाशा उघडा, आणि अनेकदा बायबलही उघडावे लागेल, कारण इंग्रजी गाण्यांच्या मुळाशी ते जागोजाग आहे. त्यानंतर पुस्तक मिटून त्या गाण्याची हकिगत मुलाला मराठीत सांगू द्या. शब्दाला शब्द नव्हे; हकिगत. जे मुलाला आपल्या भाषेत सांगता येत नाही, ते त्याला कळलेले नाही, हे खुशाल समजावे. आणि शेवटचा प्रश्न आजी-आजोबांना विचारा: असेच दुःख, असाच आनंद आपल्याकडे कोणी गायला आहे का? घरात आजी असेल तर ती गाऊन दाखवील. नसेल तर शेजारी जा.

ज्यांना स्वतःलाच इंग्रजी येत नाही, त्या पालकांनी ओशाळण्याचे कारण नाही. ते चार प्रश्न मराठीत विचारता येतात. उत्तरे शोधून आणण्याचे काम मुलाचे. आई विचारते आहे, वडील ऐकत आहेत, एवढे कळले की मूल शोधते. धर्मग्रामाच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी असा वर्ग घेण्यास आम्ही धर्मगुरूंनी पुढे आले पाहिजे. शाळांना वेळ नाही, शिकवण्यांना परीक्षा आहेत. ज्या गाण्यांची मुळे स्तोत्रसंहितेत आहेत, ती समजावून सांगण्याचे काम आमचे नाही तर कोणाचे? दहा वर्षे सेमिनरीत आम्ही जे शिकलो, ते कोणासाठी शिकलो?

सॅक्रिस्टीत उभ्या असलेल्या त्या मुलाला मी स्तोत्राची हकिगत सांगितली. जमेकाचे सांगितले, गुलामांच्या जहाजांचे सांगितले. त्याने मोबाईल काढून ते गाणे हळू आवाजात लावले आणि बायबलमधील स्तोत्र उघडून दोन्ही समोरासमोर ठेवून पाहू लागला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "फादर, त्या लोकांचा प्रश्न होता की परक्या देशात आपले गाणे कसे गावे. आपण तर आपल्याच गावात आहोत. मग आपण आपली गाणी का गात नाही?"

या प्रश्नाचे उत्तर मी त्याला दिले नाही. ते देण्याचा अधिकार त्याच्या वडिलांचा आहे, आजीचा आहे, आपणा सर्वांचा आहे. तीन वर्षांच्या चक्रातून उपवासकाळाचा तो रविवार पुन्हा येईल, ते स्तोत्र पुन्हा वाचले जाईल आणि लग्नाच्या मंडपांत ते गाणेही पुन्हा वाजेल. तोवर आपल्या प्रत्येक घरात निदान एका मुलाला तरी ठाऊक असावे की, ही दोन्ही एकच आहेत.